पोच

आमच्या चाळीतल्या बायका दरवर्षी वडाकडे सात जन्मांसाठी तोच नवरा मागतात. माझा नवरा गेला तेव्हापासून वडाकडे मागण्यासारखं माझं काही उरलं नाही. राहते मात्र त्याच्याच खाली. बोळाच्या तोंडाशी वड, वडाला लागून आमची पहिली खोली आणि खोलीवर सिमेंटचा पत्रा. वडाची एक जाड फांदी त्या पत्र्यावरून आडवी गेलेली आहे. एप्रिल-मेमध्ये बाकीच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, आमची तापत नाही, ती त्या फांदीमुळे. एवढंच त्या झाडाचं आणि माझं नातं. भक्ती वगैरे नाही.

साकीनाक्याच्या मागच्या अंगाला आमची ही बैठी चाळ. गिरणी बंद पडल्यावर नवऱ्याने इथल्या एका कारखान्यात खोकी बांधायचं काम धरलं आणि आम्ही लालबागहून इकडे आलो. मी गावी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, पण लांबलचक लिहिलेलं वाचायचा कंटाळा येतो. आता घरात मी, मुलगा आणि सून. मुलगा दिंडोशीच्या कोर्टात शिपाई आहे. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं बघतो, म्हणून घरातल्या भांडणात पडत नाही. सून चाळीच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे.

पूर्वी वडाभोवती नुसती माती होती. वटपौर्णिमा जूनमध्ये येते, त्यामुळे चिखल ठरलेला. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या आणि अनवाणी फेऱ्या घालताना घोट्यापर्यंत रुतायच्या. एका वर्षी पलीकडच्या खोलीतली बाई पूजेच्या ताटासकट आपटली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हा सुनेने मनावर घेतलं. मंडळातर्फे अर्ज केला. नगरसेवकाच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. तो फोन उचलेना तेव्हा त्याच्या बायकोला फोन केला. शेवटी पार झाला. लाल लाद्यांचा, गोल, बसायला काळ्या दगडाची कड आणि एका बाजूला पाटी. पाटीवर नगरसेवकाचं नाव मोठं, त्याच्या नेत्यांची नावं त्याहून मोठी आणि अगदी खाली बारीक अक्षरांत 'महिला मंडळाच्या मागणीवरून'. सुनेचं नाव कुठेच नव्हतं. तरी ती शेवटची ओळ ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवायची.

पार चांगला होता. उगाच नावं ठेवणार नाही. मीही त्यावर बसून भाजी निवडली आहे, जवळा साफ केला आहे. गवंड्याने लाद्या थेट बुंध्याला भिडवल्या होत्या, मध्ये बोट जाईल एवढीही फट नव्हती. काही पारंब्या खाली येऊन मातीत रुजल्या होत्या, त्या आड येतात म्हणून छाटल्या. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. दिसायला स्वच्छ दिसत होतं.

मग काही वर्षांनी वड वाळायला लागला. पानं लहान यायला लागली, शेंडे उघडे पडले. कावळ्यांनी घरटी हलवली. एकदा भर दुपारी मी शेगडीपाशी भात ढवळत होते तेव्हा वरून एक वाळकी फांदी सुटली आणि पत्रा फोडून माझ्या खाटेवर येऊन पडली. जेवणाआधी मी रोज तिथे आडवी होत असे. त्या दिवशी भाताला उशीर झाला होता. सून म्हणाली, देवाने वाचवलं. मी म्हटलं, भाताने वाचवलं. त्याच दिवशी मी खाट पलीकडच्या भिंतीला सरकवली. मुलाने भोकावर निळं प्लास्टिक टाकून वर वीट ठेवली.

झाडं बघणारा, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातला माणूस आला. त्याने बुंध्यावर दगडाने ठोकून पाहिलं, मान वर करून पाहिलं आणि मला म्हणाला की आजी, हे जाणार. धोकादायक म्हणून कापायला लागेल. याला काही औषधपाणी नाही का, असं मी विचारलं. त्याने सरळ सांगितलं की लाद्या काढून माती मोकळी केली तर कदाचित जगेल, पण पार तोडणं त्याच्याकडे येत नाही. त्याच्याकडे कापणं येतं. माणूस वाईट नव्हता. पाणी मागून घेतलं, पेला विसळून ठेवला आणि गेला.

चाळीतल्या पुरुषांना कापायची गोष्ट पसंत पडली. तिथे मोटारसायकली लावता येतील असा त्यांचा हिशेब. बायकांचंही फार अडत नव्हतं. फांदी बाजारात मिळते, ती कुंडीत रोवून पूजा होते, हल्ली कितीतरी बायका तसंच करतात. अडत होतं माझं. मेलेलं झाड डोक्यावर नको होतं आणि कापलेलंही नको होतं, कारण कापलं की त्या पत्र्याखाली दिवसभर मीच भाजणार. मुलगा आणि सून बाहेर जातात, घरात मी असते. या वयात गावी जाऊन राहावं असंही तिथे काही उरलेलं नाही. मला ते झाड जिवंत हवं होतं. त्याला एकच उपाय होता आणि त्या उपायावर माझ्या सुनेचा पार उभा होता.

अशातच निवडणूक लागली. ती बरीच वर्षं लांबली होती. तेवढ्या काळात नगरसेवक असा कोणी नव्हताच, सगळे माजी. समोरच्या सोसायटीत एक बाई राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या आणि त्यांच्यासारखी काही मंडळी सकाळी पवईच्या तलावावर फिरायला जातात. तिथली जलपर्णी, सांडपाणी बघून बघून त्यांनी एक संस्था काढली होती. त्या संस्थेने ठरवलं की सगळ्या पक्षांना पर्यावरणाच्या मागण्या द्यायच्या आणि त्या जाहीरनाम्यात घ्यायला लावायच्या. बाई आमच्या चाळीत घरोघर विचारत आल्या. मला म्हणाल्या, "मावशी, पर्यावरणाच्या बाबतीत तुम्हाला पक्षांकडून काय हवंय?"

"माझ्या पत्र्याला भोक पडलंय," मी म्हटलं.

त्यांनी वर निळ्या प्लास्टिककडे पाहिलं, मग बाहेर येऊन फांदीकडे, मग पाराकडे. बराच वेळ त्या पाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला सांगितलं ते वॉर्डातल्या माणसाने सांगितलं होतं तेच, फक्त जरा सविस्तर. मुळांना हवा लागते, पाणी लागतं, सिमेंटखाली ती गुदमरतात. त्या सांगण्यात शिकवल्याचा सूर नव्हता. बरं बोलतात बाई. त्यांच्या संस्थेला वस्तीतलं कोणीतरी बरोबर हवं होतं, सगळे सोसायटीवालेच दिसतात म्हणून. मला घरात बसून तरी काय करायचं होतं. मी गेले.

त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. पंखे होते, बिस्किटं होती. एकेक जण उठून एकेक मागणी मांडत होता. नाले झाकून वर रस्ते करू नका. तलावात सांडपाणी सोडू नका. उघड्यावर कचरा जाळू नका. बांधकामाच्या धुळीवर पाणी मारा. खाडीतली खारफुटी भराव टाकून मारू नका. जंगलाच्या कडेला टॉवर उठवू नका. झाडांचा विषय आला तेव्हा बाईंनी लिहून घेतलं की प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती माती उघडी ठेवावी आणि आधी घातलेलं सिमेंट काढावं. मग वरती 'मागण्या' लिहायचं की 'आग्रही मागण्या' यावर दोन म्हातारे गृहस्थ भांडले. एकाचं म्हणणं होतं की 'विनंती' हा शब्द बरा, नाहीतर ते चिडतात. बिस्किटं संपली तरी ते चाललंच होतं. तिथे बोललेलं सगळं खरं होतं. पण खरं ऐकूनही माणूस थकतो. घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं.

मग आम्ही पक्षांच्या ऑफिसांतून फिरलो. बाई, ते 'विनंती'वाले गृहस्थ आणि मी. सगळीकडे खुर्च्या लाल प्लास्टिकच्या आणि चहा फार गोड. बाई बँकेतल्या, त्यांची एक सवय होती. कागद पुढे केला की दुसरं वाक्य, "पोच द्या." म्हणजे आपल्याजवळच्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि सही, कागद मिळाला म्हणून. शिक्का मिळेपर्यंत बाई खुर्चीवरून हलायच्या नाहीत. बाहेर पडल्यावर तो कागद फायलीत लावायच्या आणि म्हणायच्या, "चला, इथली पोच मिळाली."

एका ऑफिसात विचारलं, तुमच्या संस्थेची मतं किती. एकाने सांगितलं की आमच्या जाहीरनाम्यात झाडं आहेतच, आम्ही रोपं वाटणार आहोत. बाई म्हणाल्या की रोपं नकोत, आहेत ती झाडं जगवा. त्याने मान डोलावली आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एकेक रोप दिलं. माझं तुळशीचं होतं. एकाने आमच्याबरोबर फोटो काढला आणि फोटोत कागद सरळ धरायला सांगितला, अक्षरं दिसली पाहिजेत म्हणून. वाईट कोणी वागलं नाही. नाही म्हणालं असतं तर निदान भांडता आलं असतं.

शेवटचं ऑफिस पार बांधणाऱ्या माजी नगरसेवकाचं. आत गेलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर मंडळाच्या बायका पत्रकांच्या घड्या घालत होत्या आणि त्यांच्या मधोमध माझी सून. तिने मला पाहिलं, बाईंना पाहिलं आणि पुन्हा घड्या घालायला लागली. मी ओळखीचीच नाही, असं तोंड केलं.

बाईंनी मागण्या वाचून दाखवल्या. झाडाच्या मागणीशी आल्यावर आमच्या बोळातल्या वडाचं उदाहरण दिलं. त्यांना सुनेला दुखवायचं नव्हतं, पण उदाहरण तेच जवळचं होतं. माजी नगरसेवक शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग सुनेकडे वळला.

"हा पार आमच्या ताईंनी मागितला म्हणून झाला. काय ताई, तोडायचा का?"

टेबलावरचे सगळे हात थांबले. सून म्हणाली, "नाही साहेब."

"बघा," तो बाईंना म्हणाला. "माझं काही नाही. मंडळाने लिहून दिलं तर करू. आता तर आचारसंहिता आहे, वीटही हलवता येणार नाही." आणि त्याने न मागता पोच दिली.

परत येताना रिक्षात बाई म्हणाल्या की मावशी, तुम्हीच घरी समजावून बघा. मी म्हटलं, घरात तिचं ऐकलं जात असतं तर तिने मंडळ कशाला काढलं असतं? तुळशीचं रोप मी त्यांच्याच मांडीवर ठेवलं.

संध्याकाळी सून घरी आली. चप्पल काढली, पदर खोचला, कुकर लावला. मग पाठ माझ्याकडेच ठेवून बोलली.

"आई, तुम्ही चार माणसांत माझा पार तोडायला आलात."

"झाड मरतंय गं."

"दहावी झाले आणि या घरात आले. एवढ्या वर्षांत मी केलेलं एकच काम बाहेर उभं आहे. बाकी सगळं केलं ते जेवून संपलं, नाहीतर धुऊन वाळत घातलं. ते एक उभं आहे तेवढं राहू द्या."

माझं तर तेवढंही काही बाहेर उभं नव्हतं. मुलगा आला, दोघींची तोंडं बघून टीव्ही लावून बसला. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्यापुढे ताट सरकवायची आणि बोलायची नाही. जेवणात मीठ मात्र बरोबर असायचं.

आचारसंहितेत गल्लोगल्ली पुढाऱ्यांची नावं झाकतात. आमच्या पाराच्या पाटीवरही कोणीतरी वर्तमानपत्राचा कागद चिकटवून गेलं. त्यावर नेमकी सोन्याच्या दुकानाची जाहिरात होती, हार घातलेली एक बाई. सून जाता-येता त्या कागदाकडे बघायची. तिची ती बारीक ओळही त्याखाली गेली होती.

प्रचार झाला. सगळे येऊन पाराला टेकून हात जोडून गेले. एकाने वडालाच हार घातला. मत दिलं, बोटाला शाई लागली. माजी पडला, दुसराच निवडून आला. पाटीवरचा कागद कोणीतरी अर्धामुर्धा ओढून काढला, खळ वाळली होती म्हणून उरलेला तसाच राहिला. सोन्याचा हार दिसायचा आणि त्याखाली माजीचं अर्धं नाव.

नवीन नगरसेवकाकडे बाई त्याचीच पोच घेऊन गेल्या. मीही होते. तो तरुण आहे, तडफदार आहे. ऐकल्या ऐकल्या म्हणाला की तोडू ना, लगेच तोडू, माजीचं काम निकृष्टच होतं. त्याने मोबाइलवर एक चित्र काढून दाखवलं. ग्रॅनाइटचा पार, भोवती रेलिंग, फांद्यांना दिव्यांच्या माळा, नवीन पाटी. बाई म्हणाल्या, हे नको, नुसती माती हवी. त्याला खरंच कळेना. "मातीचं मी उद्घाटन कसं करू?" असं त्याने विचारलं. चेष्टा नव्हती ती. त्याची अडचण होती.

तिथून येऊन बाई पारावर बसल्या. एरवी त्या बसत नसत. चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, "मावशी, सगळ्यांची पोच आहे माझ्याकडे." आणि हसल्या. मी त्यांना आत नेऊन चहा दिला, कमी साखरेचा.

उन्हाळा गेला. फांदीवर पानं एवढी विरळ झाली होती की पत्रा जवळजवळ निम्मा उन्हात आला होता. मी दुपारी ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायचे. मेअखेरीस बुंध्यावर नोटीस लागली. झाड धोकादायक आहे, कापण्यात येईल, हरकत असल्यास कळवावे. बाईंनी हरकत दिली. त्याचीही पोच घेतली. झाड कधी कापणार ते कोणी सांगेना. एवढंच कळलं की पाऊस सुरू व्हायच्या आत.

त्या साली वटपौर्णिमेपर्यंत पाऊस आला नव्हता. सकाळपासून बायका जमल्या. नोटीस तशीच होती, तिच्यावरूनच सूत गुंडाळत होत्या. मी दारात बसले होते. मी त्यात नसते, विधवेला कोणी बोलावत नाही आणि मलाही हौस नाही. पण त्या दिवशी मला दरवर्षी एक काम असतं. पाराचा उतार आमच्या गटाराकडे काढलेला आहे. प्रत्येक बाई तांब्याभर पाणी वडाला घालते, ते लाद्यांवरून वाहत गटारात येतं. गटार फुलांनी, आंब्याच्या कोयींनी तुंबतं आणि हळदी-कुंकवाचं पाणी माझ्या उंबऱ्यावरून आत शिरतं. मग मी फडकं घेऊन टिपत बसते. कमरेत वाकवत नाही, तरी टिपते.

मनगट मोडलेली ती शेजारीण फेरी घालता घालता हसून म्हणाली, "आजी, बघा, आमचं पुण्य आयतं तुमच्या घरात येतंय."

मी फडकं पिळत होते. पाठ भरून आली होती. म्हटलं, "पुण्य नाही गो, पाणी येतंय. तुमच्यातल्या एकीचा थेंबसुद्धा वडाला पोचत नाही. इतकी वर्षं गटार पुजताय. सात जन्मांचे नवरे गटारातून येणार तुमचे."

दोघी-तिघी हसल्या. मग हसू थांबलं. मी काही ठरवून बोलले नव्हते, कंबर दुखत होती म्हणून बोलले. पण एकदा बोलून झालं होतं. शेजारीण खाली लाद्यांकडे बघायला लागली.

सुनेचा तांब्या अजून भरलेला होता. ती पुढे झाली आणि तिने बुंध्याशी अगदी टेकवून, हळूहळू पाणी ओतलं. मग तशीच उभी राहून ते कुठे जातं ते बघत राहिली. पाणी बुंध्याला वळसा घालून, लाद्यांच्या सांध्यांवरून, तिच्या पायांना लागून उताराने गटारात आलं. अगदी शेवटपर्यंत तिने पाहिलं. मग तिने फेऱ्या पूर्ण केल्या, ओट्या भरल्या आणि घरी येऊन माझ्या हातातलं फडकं घेतलं. उंबरा तिने पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर छिन्नीचा आवाज आला. ज्या गवंड्याने लाद्या घातल्या होत्या त्यालाच तिने बोलावलं होतं. तो कुरकुरत होता की आपलंच काम आपणच तोडायचं. सून त्याच्या डोक्यावर उभी राहून दाखवत होती की बुंध्यापासून हातभर सगळीकडून काढ, कडेचा दगड ठेव, पाटीला हात लावू नकोस.

बायका गोळा झाल्या. कोणी म्हणालं, पुन्हा चिखल होणार. कोणी म्हणालं, ताई, तूच केलंस आणि तूच तोडतेस. सून म्हणाली, "लाद्यांवर घातलेलं पाणी पोचत नाही. पूजा लागू व्हायची तर पाणी मातीत गेलं पाहिजे."

"कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"आमच्या सासूबाई सांगतात. त्यांच्या गावी तसंच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेनेही पाहिलं. कित्येक महिन्यांनी ती माझ्याकडे सरळ बघत होती. मी म्हटलं, "हो, आमच्या गावी मातीतच घालतात." ते खोटं नव्हतं. आमच्या गावी तेव्हा लाद्याच नव्हत्या.

इतके दिवस हवा, मुळं, पर्यावरण हे सगळं ऐकून कोणी हललं नव्हतं. पूजा फुकट गेली म्हटल्यावर दुपारपर्यंत बायकाच फुटक्या लाद्यांचं राबीट उचलायला लागल्या. खालची माती टोस्टसारखी कोरडी, पांढरी पडली होती. गवंड्याने पहारीने ती फोडली. बाई सोसायटीतून खताची पिशवी घेऊन आल्या. मागण्यांचं त्यांनी नावही काढलं नाही. फक्त सुनेला विचारलं की संस्थेसाठी एक फोटो घेऊ का.

"घ्या," सून म्हणाली, "पण पाटी येऊ दे फोटोत."

दोन-चार दिवसांनी वॉर्डातला माणूस करवतवाल्यांना घेऊन आला. उकरलेला पार बघून चमकला. हे कोणी तोडलं, परवानगी कोणाची, असं विचारायला लागला. सून म्हणाली की पूजेचं आहे, वटपौर्णिमेचं. मागे चाळीतल्या बायका उभ्या. त्याने डोकं खाजवलं. झाडाचा विषय असता तर त्याच्याकडे उत्तर होतं, पूजेच्या विषयाला नव्हतं. त्याने वाळक्या फांद्या तेवढ्या उतरवल्या, आमच्या पत्र्यावरच्या फांदीचा मेलेला शेंडा छाटला आणि बाकीचं पावसाळ्यानंतर बघू म्हणून गेला. मला म्हणाला, आजी, तुमचं झाड अजून धोक्यात आहे हां. मी म्हटलं, मीपण.

आता पावसाळा होऊन गेला आहे. बुंध्याच्या वरच्या अंगाला लाल कोंब आलेत. आमच्या बाजूच्या फांदीवर थोडे आहेत, फार नाहीत. जगेल का ते बाईंनाही सांगता येत नाही, त्या वाट बघू म्हणतात. नवीन नगरसेवक अजून ग्रॅनाइटचं विचारतो आणि सून त्याला सांगते की आमच्यात चालत नाही. लोकसभा, विधानसभा येतील तेव्हा बाई पुन्हा मागण्या लिहिणार आहेत. मी पुन्हा जाईन की नाही माहीत नाही. गोड चहा सोसत नाही आता.

तांदळाचं, डाळीचं धुवण मी रोज त्या मातीत नेऊन ओतते. वडाला विधवेने पाणी घातलेलं चालतं का, असं त्या शेजारणीने एकदा विचारलं. सून म्हणाली, धुवण आहे, पूजा नाही. ओतलं की बुडबुडे येतात आणि पाणी खाली जातं. माझा उंबरा कोरडा राहतो.

पत्र्यावरचं प्लास्टिक अजून आहे. खाट मी पलीकडच्या भिंतीलाच ठेवली आहे.